लाखात तेरा

थोरली निळे ठिपके मोजायची. तीच तिची नोकरी, गेली अकरा वर्षं.

तिच्या प्रयोगशाळेतले उंदीर दिसायला चारचौघा उंदरांसारखेच होते. पण त्यांच्या प्रत्येक पेशीत एका जिवाणूचं जनुक मुद्दाम बसवलेलं होतं. उंदराला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. ते तिथे होतं ते नुसतं साक्षीदार म्हणून. कॅन्सरवर देतात ते औषध उंदराला टोचायचं, चार आठवडे थांबायचं, मग त्याच्या फुप्फुसातून, यकृतातून डीएनए काढायचा आणि ते जनुक धड आहे की बिघडलंय ते बघायचं. बघायची रीतही ठरलेली. काढलेला डीएनए विषाणूंच्या कवचात भरायचा आणि ते विषाणू जिवाणूंच्या जोडीने मोठ्या चौकोनी ताटल्यांत ओतायचे. दुसऱ्या दिवशी ताटलीवर मोहरीएवढे हजारो बिनरंगी ठिपके उमटत. ज्यातलं जनुक बिघडलेलं असेल, तेवढा ठिपका निळा. दिव्याच्या पेटीवर ताटली ठेवून, डोळ्यांपुढे लाल काच धरून थोरली ते निळे हुडकून काढायची. औषध न दिलेल्या उंदरांतही लाखात चार-पाच निळे निघतातच. नुसत्या जगण्यानेही तेवढी झीज होतेच. या खेपेच्या औषधाचे फुप्फुसात लाखात तेरा निघाले होते.

ताटल्यांवर फक्त आकडे असत. कुठली ताटली औषधवाल्या उंदराची आणि कुठली बिनऔषधवाल्याची, ती यादी प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडमच्या कपाटात बंद. मोजणाऱ्याचा डोळा मनाला हवं ते बघायला लागू नये, म्हणून. एका औषधाचं सगळं मोजून झालं की मगच मॅडम यादी काढत. पिंजरे सांभाळणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत, आणि ‘मामा कुठायत?’ असं कुणी विचारलं की ‘दोन पायांचे की चार पायांचे?’ हा प्रश्न ठरलेला. या विनोदाला अकरा वर्षं झाली होती, तरी मामा दर वेळी हसायचे.

धाकटी बहीण थोरलीहून नऊ वर्षांनी लहान. कपडे दुरुस्त करायचं तिचं छोटंसं दुकान होतं: कमर सैल कर, बाही आखूड कर, चेन बदल. तिचा नवरा गाडी चालवायला शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून बसून त्याच्या उजव्या पायाला अशी सवय लागली होती की जेवताना कुणी मोठ्याने बोललं तरी टेबलाखाली त्याचा ब्रेक लागायचा.

धाकटीच्या मानेत गाठ आली तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. लसीका ग्रंथींचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, बरा होणारा आहे, तीन-तीन आठवड्यांनी सहा डोस. फायलीच्या पहिल्या पानावर चार औषधांची नावं होती. थोरलीने ती वाचली. त्यातलं तिसरं नाव तिच्या पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्यांवर होतं.

ती काही बोलली नाही. आधी बरी होऊ दे, मग बघू, असं तिने मनाशी म्हटलं. शिवाय औषध घ्यायलाच हवं होतं. सांगून त्यात काय फरक पडणार होता?

पहिल्या तीन डोसांना थोरलीच तिच्यासोबत गेली. खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसायची, उलटीचं भांडं धरायची, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायची. धाकटीचे केस गेले, भुवया गेल्या. ‘आता मला रागावताच येत नाही, भुवया चढवू कशा?’ असं धाकटी म्हणाली, तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या बाईही हसल्या.

तिसऱ्या डोसनंतर तीन आठवड्यांनी थोरलीला एका परिषदेत भाषण करायचं होतं. पंधरा मिनिटं, मोठ्या सभागृहात, पहिल्यांदाच. तिला धड झोप लागेना. धाकटी म्हणाली, ‘माझ्यासमोर करून दाखव. मला कळलं तर कुणालाही कळेल.’

रविवारी दुपारी धाकटीच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून थोरली उभी राहिली. सुरुवातीला अडखळली, मग तिला सूर सापडला. साक्षीदार जनुक, ताटल्या, लाल काच. तिच्या तोंडात ‘हे औषध’ एवढंच येत होतं. नाव तिने जपून टाळलं होतं. पण एका चित्रात पिंजरा होता, पिंजऱ्याला चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर मामांच्या ठसठशीत अक्षरात औषधाचं नाव होतं. ते चित्र थोरलीने शंभर वेळा पाहिलं होतं. चिठ्ठी तिला दिसतही नव्हती.

‘एक विचारू?’ शेवटी धाकटी म्हणाली. ‘तो निळा ठिपका नंतर जातो का? म्हणजे शरीर दुरुस्त करतं का ते?’

‘दुरुस्त होणारं आधीच होऊन जातं. उरतं ते कायमचं,’ थोरली भाषणाच्याच भरात म्हणाली. ‘त्या पेशीच्या लेकी-नातींपर्यंत जातं. आमच्या कामाचा सगळा मुद्दाच तो आहे.’

‘छान बोललीस,’ धाकटी म्हणाली. ‘हात मात्र इतके हलवू नकोस.’

भाषण चांगलं झालं. मॅडमनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. चौथा डोस नेमका परिषदेच्या दिवसांत आला होता. धाकटीने फोनवर सांगितलं, तू काळजी करू नकोस, मास्तर रजा काढून येताहेत. पाचव्या वेळीही ती म्हणाली, मास्तरांनाच येऊ दे, त्यांना बरं वाटतं. थोरलीला जरा लागलं, पण नवरा-बायकोच्या मध्ये कशाला पडा म्हणून ती गप्प राहिली. एकदा घरी गेली तर धाकटीच्या चेहऱ्यावर तेज दिसलं, भुवयांच्या जागी बारीक लव दिसली. शरीर औषधाला सरावलं वाटतं, असं मनात येऊन ती खूश झाली. दिवसभर लाल काचेतून ठिपके शोधणाऱ्या बाईला समोरची लव कळली नाही, हे पुढे तिला फार छळायचं होतं.

मग एका दुपारी मास्तरांचा फोन आला.

‘ताई, कामात आहात का? नाही, म्हटलं तुमचे आभार मानावेत एकदा. दोन्ही वेळा तुम्ही तिच्यासोबत राहिलात. मला हल्ली सुट्टीच मिळत नाही. आणि या पाचव्या डोसनंतर उलटी अशी झालीच नाही बघा.’

‘पाचव्याला तर तुम्ही गेला होतात ना?’

पलीकडे मागे कुणीतरी शिकाऊ माणूस गाडीचे गिअर खरडत होता.

‘ताई,’ मास्तर म्हणाले, ‘ती म्हणाली चौथ्याला तुम्ही परिषद अर्धी सोडून आलात, आणि पाचव्यालाही तुम्हीच.’

थोरलीला अंगातला पांढरा कोट काढायचंही भान राहिलं नाही. तशीच दुकानात गेली. धाकटी मशीनवर होती. कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवून पसरलं होतं. ताईला बघितल्यावर तिने पेडलवरचा पाय उचलला. मशीन थांबलं.

‘कळलं वाटतं,’ ती म्हणाली.

‘कुठे जायचीस डोसाच्या दिवशी?’

‘वाचनालयात.’ धाकटीने मापांची वही पुढे सरकवली. मागच्या पानांवर, छाती-कंबर-उंचीच्या रकान्यांमध्येच, तिने औषधाविषयी मिळेल ते उतरवून काढलं होतं. काही बरोबर, काही अर्धवट, काही साफ चुकीचं. ‘दवाखान्यातून फोन आला होता. दुसरीकडे उपचार घेतेय म्हणून सांगितलं.’

‘तुला वेड लागलंय का? डोस अर्धवट सोडतात का कुणी? मी उंदरांबद्दल बोलत होते!’

‘आणि मी कोण आहे?’ धाकटीचा आवाज चढला नाही. ‘तुझ्या पिंजऱ्यावर माझ्या बाटलीचं नाव होतं, ताई. माझ्या शेजारी बसून तू भांडं धरायचीस आणि तुला सगळं ठाऊक होतं. मला मूल हवंय, हेही ठाऊक होतं. कायमचं उरतं, लेकी-नातींपर्यंत जातं, हे मला कधी कळलं? तुझ्या भाषणाची तालीम होती म्हणून.’

‘तू घाबरू नयेस म्हणून नाही बोलले.’

‘आईच्या वेळीही हेच. तिला दवाखान्यात नेलं तेव्हा “काही नाही, दोन दिवसांत घरी येईल” म्हणालीस. मी परीक्षेला बसले, पेपर लिहिले. चौथ्या दिवशी तू मला न्यायला शाळेच्या फाटकाशी उभी. तुझ्या तोंडाकडे बघूनच कळलं मला.’

 थोरली इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी राहिली. एक गिऱ्हाईक पँट घ्यायला आलं, घेऊन गेलं. धाकटीने त्याला हसून पुन्हा या म्हटलं नाही एवढंच. बाकी व्यवहार नेहमीसारखा केला.

‘माझ्यासोबत चल,’ शेवटी थोरली म्हणाली. ‘दवाखान्यात नाही. माझ्याकडे. काय आहे ते सगळं दाखवते. मग तू ठरव.’

मॅडमनी परवानगी दिली, जनावरांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही या अटीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मोजायच्या खोलीत बसल्या. थोरलीने दिव्याची पेटी लावली, नव्या औषधाच्या ढिगातली एक ताटली वर ठेवली, लाल काच बहिणीच्या हातात दिली.

‘मी ही काल मोजली. तू मोज.’

धाकटी वाकली. कापडातला सुटलेला धागा शोधणारी नजर तिची. ताटलीच्या एका कोपऱ्यातून ती ओळीने सरकत गेली. वीस मिनिटं लागली.

‘एक.’

‘मला एकही सापडला नव्हता.’

‘हा काय, अगदी कडेला.’

थोरलीने काच घेतली. होता. फिकट, पण निळाच. तिने वहीत कालचा आकडा खोडून दुरुस्ती केली आणि शेजारी सही केली.

‘ही औषधवाल्याची की बिनऔषधवाल्याची?’ धाकटीने विचारलं.

‘मला माहीत नाही.’

‘ताई.’

‘देवाशपथ नाही माहीत. यादी मॅडमकडे असते. आणि एका ताटलीवरून यादीशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. औषध न दिलेल्यातही निळा निघतो, दिलेल्याची ताटलीही कोरी निघते. ढीगभर मोजाव्या तेव्हा कुठे फरक दिसतो.’

धाकटी खुर्चीत मागे टेकली. ‘मग माझं काय होणार ते तुला माहीत नाही.’

‘नाही.’ थोरलीने या वेळी थांबायचं नाही असं ठरवलं होतं. ‘औषधाच्या खुणा तुझ्यात राहतील. लेकी-नाती म्हणाले त्या पेशीच्या, तुझ्या मुलींबद्दल नव्हतं ते. त्यातली एखादी दहा-पंधरा वर्षांनी दुसरा आजार होऊन उभी राहू शकते. शक्यता थोडी आहे, पण आहे. मूल होईल की नाही, मला सांगता येत नाही. आणि औषध नाही घेतलंस तर मानेतली गाठ थांबणार नाही. एवढ्या एकाच गोष्टीबद्दल मला शंका नाही.’

‘हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी डोस घेतले असते.’

‘कदाचित.’

‘कदाचित नाही. घेतले असते.’ मग ती म्हणाली, ‘कुणास ठाऊक. नसतेही घेतले.’

दोन दिवसांनी मास्तर, धाकटी आणि थोरली डॉक्टरांसमोर बसले होते. मास्तर बायकोवर एका शब्दाने चिडले नव्हते. नुसता त्यांचा पाय टेबलाखाली फरशी दाबत होता. डॉक्टरांनी कुणाला बोल लावला नाही. नवीन तपासणी झाली. मानेतली गाठ, जी तिसऱ्या डोसपर्यंत विरघळत आली होती, पुन्हा वाढली होती, आणि छातीत आणखी एक दिसत होती. आता जुने सहा डोस पुरणार नव्हते. जास्त कडक औषधं, दवाखान्यात राहून.

‘मधल्या आठवड्यांमुळे झालं का हे?’ थोरलीने विचारलं.

‘असू शकतं,’ डॉक्टर म्हणाले. ‘काही गाठी डोस चालू असतानाही वाढतात. सांगता येणार नाही.’

तिला वाटलं होतं, ‘हो’ म्हणतील. ‘हो’ म्हटलं असतं तर निदान पुरतं दोषी ठरून ती मोकळी झाली असती. तिने पुढच्या खेपेला पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं.

पाच महिने ते चाललं. धाकटीच्या तोंडात फोड आले, पाणी गिळवेना. एकदा ताप चढला आणि तीन दिवस ती कुणाला ओळखत नव्हती. मास्तर दवाखान्यातून थेट कामावर जायचे. एका शिकाऊ मुलीने गाडी कुंपणात घातली तरी त्यांचा पाय हलला नाही, म्हणून मालकाने त्यांना आठवडाभर सक्तीने घरी बसवलं. थोरली सकाळी ठिपके मोजायची आणि दुपारी बहिणीजवळ बसायची. धाकटी तिच्याशी बोलायची, पण डॉक्टर आत आले की म्हणायची, ‘ताई, तू जरा बाहेर थांब.’ मग काय सांगितलं ते नंतर ती स्वतःच ताईला सांगायची, शब्द न शब्द. थोरली ऐकून घ्यायची.

गाठी गेल्या. दोन्ही. पाळी मात्र थांबली ती थांबलीच. बत्तिसाव्या वर्षी धाकटीला घामाचे लोट यायला लागले. मास्तर म्हणाले, ‘आपण दोघं आहोत, पुष्कळ आहे.’ धाकटीने मान हलवली आणि उसवलेल्या बाहीत डोकं घातलं.

वर्षभराने मॅडमचा आणि थोरलीचा लेख छापून आला. पाठोपाठ वर्तमानपत्राचा वार्ताहर आला. मॅडम परगावी होत्या, म्हणून त्याच्याशी बोलायचं काम थोरलीवर आलं. तिने आधी लेखी मजकूर तयार केला आणि धाकटीच्या दुकानात नेला.

धाकटीने तो दोनदा वाचला. ‘पहिल्याच ओळीत लिही, डोस चालू असतील तर बंद करू नका.’

‘पहिल्या ओळीत काय सापडलं ते लिहितात.’

‘मग तेवढं वाचून घरी बसणाऱ्या बाईचं काय?’

थोरलीने ते वाक्य पहिल्या ओळीत घातलं. वार्ताहराला समजावून सांगितलं, त्याच्याकडून वदवून घेतलं. तो भला माणूस होता; त्याने सगळं लिहून घेतलं. गुरुवारी बातमी आली. वर जाड अक्षरात: कॅन्सरच्या औषधानेच बिघडतो डीएनए. औषधाचं नाव होतं, लाखात तेरा होतं. लाखातले चार-पाच नव्हते आणि ते वाक्यही नव्हतं. तिने फोन केला तर वार्ताहर कळवळून म्हणाला, जागा कमी पडली, वरच्यांनी कापलं, दुरुस्ती शनिवारी टाकतो.

‘गुरुवार म्हणजे डोसांचा वार,’ धाकटी फोनवर म्हणाली. ‘मी निघालेय. तूही ये.’

डोसांच्या खोलीबाहेरच्या बाकांवर सात-आठ जण बसले होते. टोपी घातलेल्या एका बाईंच्या मांडीवर तेच वर्तमानपत्र होतं, बातमी वर येईल अशी घडी घातलेलं. धाकटी सरळ जाऊन त्यांच्याशेजारी बसली.

‘हे काम माझ्या बहिणीचं आहे,’ ती म्हणाली. ‘ही उभी आहे ती. आणि हे औषध मी घेतलंय. मध्ये सोडलंही होतं. काय ते विचारा.’

बाईंनी थोरलीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘हे खरं आहे?’

‘खरं आहे,’ थोरली म्हणाली. ‘पण अर्धंच छापलंय.’ आणि तिने उरलेलं अर्धं सांगितलं, उभ्या उभ्या, हात न हलवता.

‘सोडल्यावर काय झालं?’ बाईंनी धाकटीला विचारलं. धाकटीने ब्लाउजची कॉलर बाजूला करून मानेवरचा, पुन्हा आलेल्या गाठीचा तुकडा तपासायला काढल्याचा व्रण दाखवला आणि पाच महिन्यांचं सांगितलं, काही न वगळता.

‘मला दोन मुली आहेत,’ बाई थोरलीला म्हणाल्या. ‘पुढे मला यानेच काही झालं तर?’

थोरली म्हणाली, ‘होणार नाही, असं मी सांगू शकत नाही.’

‘तिला माहीत नसलं की हल्ली ती तसं सांगते,’ धाकटी म्हणाली. ‘पूर्वी नाही सांगायची.’

आतून नर्सने नाव पुकारलं. बाई लगेच उठल्या नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राची आणखी एक घडी घातली, मग आणखी एक, ते पिशवीत कोंबलं आणि आत गेल्या. दोघी बहिणी बाकावर थांबल्या; जो येईल त्याला धाकटी तेच सांगत होती, जो विचारेल त्याला थोरली उत्तर देत होती. दुपारपर्यंत थोरलीचा घसा बसला.

निघताना तिने नर्सला विचारलं, आज सगळे आले का?

नर्सने कागदावर बोट फिरवलं. ‘दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पण तसं कधीतरी होतंच. कुणाला ताप असतो, कुणाला गाडी मिळत नाही.’

‘त्यांचे नंबर असतील ना?’ धाकटी म्हणाली.

‘मला देता येत नाहीत. मीच लावते फोन.’ नर्सने फोन लावला. पहिला कुणी उचलला नाही. दुसरा लावला. दोघी बहिणी खिडकीशी उभ्या राहून पलीकडची घंटा ऐकत राहिल्या.